डावा आठ, उजवा सहा

आमच्या कंपनीत बुटांचे अकरा हजार प्रकार आहेत, आणि ते सगळे कोणत्या मापात मोजायचे हे मी दहा सेकंदांत ठरवून मोकळी झाले. त्या दहा सेकंदांबद्दल मला सांगायचंय. बाकीचं, म्हणजे सात दुकानं, एक गोदाम, खरेदी, विक्री, हजेरी, पगार हे सगळं आता एकाच पडद्यावर कसं दिसतं, ते मी दोन परिषदांमध्ये सांगून आणि टाळ्या घेऊन आले आहे. तिथे कुणी हे विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

सुरुवात आत्याच्या पायांपासून करावी लागेल. माझ्या आत्याचा डावा पाय चार नंबरचा आणि उजवा सहा नंबरचा. जन्मापासूनचं आहे. लहानपणी तिला दोन्ही पायांत सहा नंबरचे बूट मिळायचे आणि डाव्यात कापूस कोंबायचा. कापूस सरकायचा, गोळा व्हायचा, टाच सोलून निघायची, आणि वर घरचे म्हणायचे की ही मुलगी मुद्दाम पाय ओढत चालते. तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझे वडील, हे सगळं बघत मोठे झाले. त्यांनी बुटांचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी दोन नवे खोके फोडले, एकातला डावा चार आणि दुसऱ्यातला उजवा सहा काढला आणि बहिणीच्या पायात घातला. उरलेले दोन बूट त्यांनी फळीवर ठेवून दिले. कधीतरी याच्या उलटे पायही येतील, असं म्हणाले.

तिथून आमच्याकडे एक रीत पडली. बुटात कापूस घालायचा नाही. ज्याचे पाय जसे असतील तसे दोन बूट त्याला द्यायचे, मग दोन जोड फुटले तरी फुटू देत. उरलेले सुटे बूट गोदामाच्या लांब भिंतीवरच्या फळीवर जायचे, आणि त्या फळीची मालकीण आत्या. चाळीस वर्षं तिने गोदाम सांभाळलं. निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही तिच्या काखेत कायम असायची. दर माणसाला एक पान, वर डावा किती, उजवा किती, खाली तिच्या बारीक अक्षरात त्या पायाची सगळी कुंडली. एकदा पाचव्या दुकानात एक घड्याळजी आला, त्याचे पाय नेमके आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या उलटे निघाले. एकाला फोडलेल्या जोडांतलं उरलेलं दुसऱ्याला बसलं, फळीवर काहीच उरलं नाही. त्या दिवशी आत्या अख्ख्या गोदामात गाणं म्हणत हिंडत होती. तिचा आवाज चांगला नाही.

मला ती फळी आवडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. वडील गेल्यावर कंपनी माझ्याकडे आली तेव्हा चार दुकानं होती, मी त्यांची सात केली. प्रत्येक दुकानाचा स्टॉक वेगळ्या वहीत, वेगळ्या अक्षरात, वेगळ्या खोटेपणाने लिहिलेला असायचा. एका दुकानात माल सडतोय आणि दुसऱ्यात तोच नाही म्हणून गिऱ्हाईक परत जातंय, असं रोज चालायचं. मी सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर आणायचं ठरवलं आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. शहाणपणाचाच निर्णय होता तो.

सॉफ्टवेअर बसवायला जो माणूस आला, त्याला आमचे लोक गोलाइव्ह म्हणायचे, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'गो-लाइव्हच्या आधी', म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू व्हायच्या आधी, असं सुरू व्हायचं. त्याच्यासमोर जेवणाचा डबा उघडला तरी तो गो-लाइव्हच्या आधी जेवून घ्यावं म्हणायचा. माणूस मात्र कामाचा होता. त्याच्याकडे साडेतीनशे प्रश्नांची यादी होती आणि प्रत्येक प्रश्न तो मला समोर बसवून विचारायचा.

एक्केचाळिसावा प्रश्न होता, मालाचं मूळ माप काय धरायचं, जोड की नग.

"बूट म्हणजे जोडच," मी म्हटलं.

"थांबा, घाई नका करू," तो म्हणाला. "हे एकदा ठरलं आणि पहिली एंट्री पडली की बदलता येत नाही. बदलायचं तर सगळा माल नव्याने भरावा लागतो. म्हणून विचारतो, तुम्ही कधी सुटा बूट विकता का? एकेक?"

माझ्या केबिनला काच आहे आणि काचेतून गोदाम दिसतं. फळी समोरच होती. आत्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहून एक तपकिरी बूट फडक्याने पुसत होती. हो म्हटलं असतं तर अकराचे बावीस हजार प्रकार झाले असते, प्रत्येक बुटावर वेगळा बारकोड, दोन महिने उशीर, आणि शाळा सुरू व्हायच्या गर्दीत आम्ही अर्धे जुने अर्धे नवे लटकलो असतो. शिवाय मला वाटलं, किती लोक असतील असे? शंभर? दीडशे? त्यांच्यासाठी सगळी कंपनी अडवून धरायची?

"नाही," मी म्हटलं.

त्याने टिक केली आणि बेचाळिसावा प्रश्न विचारला.

आता कुणालाही वाटेल की आत्या सॉफ्टवेअरच्या विरुद्ध असेल. म्हातारी बाई, चाळीस वर्षांची वही, ती नव्या यंत्राला नाकं मुरडणारच. तसं असतं तर बरं झालं असतं. तिने भांडण केलं असतं, मी भांडणात हरले असते किंवा जिंकले असते, पण गोष्ट उघड्यावर आली असती. आत्या उलट खूश होती. सगळ्या कंपनीत तिच्याइतकं खूश कुणीच नव्हतं. एके दिवशी सकाळी ती वही घेऊन माझ्या केबिनमध्ये आली आणि खुर्ची ओढून बसली.

"ठमे," ती म्हणाली. मी पंचावन्न वर्षांची आहे आणि माझ्या हाताखाली एकशे वीस माणसं आहेत, पण आत्यासाठी मी ठमीच. "हे तुझं मशीन सातही दुकानांना एकदम दिसतं ना?"

"दिसतं."

"म्हणजे पाचव्या दुकानात कुणी उलट्या पायाचा आला, तर तिसऱ्या दुकानाला तिथल्या तिथे कळेल?"

"कळेल की."

"आणि तारीख घातली तर आठवण करतं म्हणे."

"सगळ्या आठवणी करतं, आत्या. तू सांगशील त्या तारखेला सांगतं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सॉफ्टवेअर हे सगळं करू शकतं. आत्याने ते एका बैठकीत ओळखलं होतं, साडेतीनशे प्रश्नांशिवाय. फक्त आमचं सॉफ्टवेअर ते करणार नव्हतं, कारण मी 'नाही' म्हणून बसले होते, आणि तेवढं सांगायचं धाडस मला त्या खुर्चीत बसून झालं नाही.

"मग मी सुटले बाई," आत्या म्हणाली. "गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. ही घे वही. एकशे त्रेसष्ट माणसं आहेत. सगळी घाल आत." मग तिने मधलं एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. "बाकीच्यांचं मागेपुढे झालं तरी चालेल. हा आधी घाल."

ते पान तिसऱ्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकाचं, पोस्टमनकाकांचं होतं. वर लिहिलं होतं, डावा आठ, उजवा सहा. साखरेच्या आजारात त्यांच्या उजव्या पायाची बोटं काढावी लागली होती, म्हणून तो पाय आखूड झालेला. नोकरी संपली होती तरी चालायची सवय सुटली नव्हती, रोज सकाळ-संध्याकाळ जुन्या वाटेवर एक फेरी असायची.

"त्या पायाला संवेदना नाही," आत्या म्हणाली. "आपल्याला खडा टोचला तर आपण ओरडतो. त्याला ओरडायचं कळतच नाही. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, या पायाला आता एक जखम झाली तर पाय जाईल. म्हणून दर चार महिन्यांनी मी फोन करते. बूट झिजला का, आत हात घालून बघितला का, पाय रोज तपासता का. पुढचा फोन येत्या वीस तारखेला. नीट ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. घालते सिस्टीममध्ये."

"घाल. नाहीतर मला सांग, मी घरून करीन."

"आत्या, तू आता आराम कर गं. मशीन कशासाठी घेतलंय मग?"

ती हसली. माझ्या गालावर तिने हात फिरवला, तिच्या हाताला पॉलिशचा वास येत होता. मी वही टेबलाच्या दुसऱ्या खणात ठेवली. गो-लाइव्हनंतर निवांत बसून काहीतरी मार्ग काढू, असं मी मनाशी म्हटलं. ते मी अगदी खरं खरं म्हटलं होतं, पण त्याने काही फरक पडत नाही.

गो-लाइव्हच्या आधी (मलाही सवय लागली) गोदामातला एकूण एक माल मोजून भरायचा होता. चारशे बारा सुटे बूट कुठेच बसेनात. सिस्टीमला अर्धा जोड माहीत नव्हता. गोदामातल्या लोकांनी दोन दोन सुटे बूट दोरीने बांधून त्यांना जोड म्हणून खपवायचा प्रयत्न केला, तर डावा सात आणि उजवा नऊ अशी विजोड जोडपी तयार झाली, सगळे हसले, मीही हसले. मग मी तो सगळा माल रद्द माल या सदरात टाकला. एक टेंपो आला आणि रबर दळणाऱ्या कारखान्याकडे घेऊन गेला. आत्या घरी बसली त्याच्या चौथ्या दिवशी.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "ठमे, फळी घातलीस आत?"

"घातली."

"आणि वही?"

"तीही घातली."

खोटं बोलायला मला मुळीच कष्ट पडले नाहीत, याची मला अजून लाज वाटते.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि पहिल्या महिन्यातच त्याने स्वतःला सिद्ध केलं. पडद्यावर दर व्यवहाराची एक ओळ येते. सगळं जुळलं की ओळ हिरवी, काही कमीजास्त झालं की लाल. मी सातही व्यवस्थापकांना निरोप धाडला की ज्याच्या दुकानात लाल ओळ येईल त्याने त्याच दिवशी मला लेखी कारण द्यायचं. सुरुवातीला पडदा गोवर आल्यासारखा लाल होता. तीन आठवड्यांत हिरवागार झाला. मी सकाळी चहा घेत त्या हिरव्या ओळी बघत बसायचे, आणि मला वाटायचं वडील असते तर त्यांनीही बघितलं असतं.

वीस तारीख आली आणि गेली. सिस्टीमने काही आठवण केली नाही, कारण तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर आठवड्याभराने तिसऱ्या दुकानातून मेजरचा फोन आला. मेजर म्हणजे आमचा तिथला व्यवस्थापक. सैन्यात कधी नव्हता, पण गिऱ्हाईक आलं की ताठ उभा राहतो म्हणून मेजर. एकोणीस वर्षं आमच्याकडे आहे, वडिलांच्या हाताखाली शिकलेला. मी तेव्हा माल पुरवणाऱ्या दोघांबरोबर बसले होते.

"ताई, पोस्टमनकाका आलेत. उजवा पार झिजलाय. आत्यांनी नेहमी सहाचा काढून दिलेला असतो, तो गोदामात दिसत नाही. दोन जोड फोडू का?"

"फुटका जोड सिस्टीम घेत नाही, मेजर. दोन्ही जोडांच्या ओळी लाल येतील."

"मग काय करू?"

"काहीतरी करा ना. इतकी वर्षं दुकान चालवताय."

फोन एक मिनिटही चालला नाही. मला वहीतलं ते पान आठवलं का? आठवलं. डावा आठ, उजवा सहा, बारीक अक्षर, सगळं डोळ्यांसमोर आलं. समोरचे दोघे वाट बघत होते, म्हणून मी ते बाजूला सारलं, आणि ते उठून गेल्यावर दुसरं काम आलं. दुपारी पडद्यावर तिसऱ्या दुकानाची ओळ आली: काळा, बंद, आठ नंबर, एक जोड, विक्री. ओळ हिरवी होती.

पुढचं मला दीड महिन्याने कळलं. एके दिवशी मेजर मुख्य कचेरीत आला. कधी न सांगता येत नाही. हातात कागदाची पिशवी होती, ती त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि तो बसला, ताठ नव्हे, कसाही.

"पोस्टमनकाकू आल्या होत्या दुकानात," तो म्हणाला. "हे ठेवून गेल्या."

पिशवीत एक बूट होता. काळा, बंद, आठ नंबर, उजवा. जवळजवळ नवाच होता.

"काकांचा पाय काढला, ताई. गुडघ्याखाली. टाचेला फोड आला होता, त्यांना कळलंच नाही. मोजा ओला लागला तेव्हा काकूंनी बघितलं, तोवर आत पसरलं होतं." तो पिशवीकडे बघत म्हणाला. "काकू ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, हा आता लागणार नाही, तुमच्या त्या फळीवर ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

मी बुटात हात घातला. पुढे कापूस होता. घट्ट, गोळा झालेला.

"कापूस," मी म्हटलं.

"मी घातला," मेजर म्हणाला. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा घातला. दुसरं काय करणार होतो? त्यांना विचारलं चालेल का, ते म्हणाले चालेल." मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही म्हणालात काहीतरी करा."

मेजरने राजीनामा खिशात आणला होता. मी तो घेतला नाही. त्याची चूक नव्हती असं मी त्याला सांगितलं, आणि तो म्हणाला की थोडी होती.

आत्याला सांगायला मी त्याच दुपारी गेले. फोनवर सांगता आलं असतं, माझं मन तसं करायला सांगतही होतं. ती दारासमोर खुर्ची टाकून बसली होती, पायांत तिचे दोन नंबरांचे बूट, घरातही ती बुटांशिवाय चालू शकत नाही. माझ्या हातातला बूट तिने आधी बघितला, मला नंतर.

"पोस्टमनचा काय हा? आठ? उजवा?" तिने तो हातात घेतला, आत बोटं घातली आणि तिचा चेहरा बदलला. तिला पुढचं सांगावंच लागलं नाही. तरी मी सांगितलं.

ती कापूस काढत राहिली. थोडा थोडा, बोटांनी चिमटून, मांडीवर ठेवत. सगळा निघाल्यावर म्हणाली, "मशीनने आठवण केली नाही?"

"मी घातलंच नव्हतं, आत्या. वही खणात आहे."

"आणि फळी?"

"फळीही नाही. टेंपोने नेली."

मला वाटलं ती आता मला घराबाहेर काढेल. मी तयारी करूनच आले होते. पण तिने तेही केलं नाही.

"मी सगळ्यांना सांगत होते," ती म्हणाली. "शेजारी, दवाखान्यात, सगळ्यांना. म्हटलं आमच्या ठमीने सगळ्यांचे पाय मशीनमध्ये घातले. दादाने एका फळीवर केलं, हिने सात दुकानांत केलं. वीस तारखेला फोन माझ्या हातात होता गं. सवयीने उचलला होता. म्हटलं नको, मशीन करेल, दोन दोन फोन कशाला, त्या माणसाला वाटेल आपण त्याच्यावर पाळत ठेवलीय." तिने कापूस मुठीत घट्ट धरला. "मी तुझ्यावर विसंबले आणि तो माझ्यावर."

मी रडले. ती रडली नाही. बूट माझ्या हातात परत देत म्हणाली, "जाऊन ये त्याच्याकडे. मग वही घेऊन ये."

पोस्टमनकाकांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. ते खिडकीपाशी बसले होते, पांघरूण मांडीवर, आणि पांघरूण एका बाजूला गुडघ्याखाली रिकामं लोंबत होतं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होते. काकूंनी पाणी आणलं. मी जे केलं ते सगळं सांगितलं, एक्केचाळिसाव्या प्रश्नापासून. काकू मध्येच उठून आत गेल्या आणि परत बाहेर आल्या नाहीत.

काका म्हणाले, "ताई, मला विचारलं होतं मेजरनी. मीच चालेल म्हणालो. त्या पायाचं मला काय कळतंय, चालेल म्हणायला माझं काय जातंय, असं झालं." ते जरा हसले. "रोज बघायला हवा होता पाय. आत्याबाईंचा फोन आला की बघायचो. यावेळी नाही आला, तर म्हटलं सगळं ठीक असेल."

काकूंनी ठेवलेलं पाणी मी एका दमात प्यायले.

"एक काम करा माझं," ते म्हणाले. "कुबड्या मिळाल्यात. डाव्याला एक चांगला बूट पाहिजे, घसरणार नाही असा. आता तुमचं काम सोपं झालं. एकच द्या. डावा आठ."

मी तिथूनच तिसऱ्या दुकानाला फोन लावला. डावा आठ, एक. मेजरने पडद्यावर बघितलं असणार. "ताई, एक जात नाही," तो हळूच म्हणाला. काकांनी ते ऐकलं.

"मग जोड घेतो की," ते म्हणाले. "उजवा तुमच्या फळीवर ठेवून द्या."

"फळी नाही आता, काका."

इतका वेळ तो माणूस मलाच धीर देत होता. फळी नाही म्हटल्यावर मात्र त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, आणि मी जिना उतरेपर्यंत ते तसेच होते.

गोलाइव्हला मी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. माप बदलायचंय म्हटलं, जोडाचं नग करायचं, डावा वेगळा, उजवा वेगळा. त्याने यादी काढून एक्केचाळिसाव्या प्रश्नावरची टिक मला दाखवली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला.

"हो. विचारलं होतं."

आठवडाभर सातही दुकानं बंद ठेवली. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, माझ्या धाकट्या भावाने तर घरी येऊन काढलं. बावीस हजार प्रकार नव्याने भरले, प्रत्येक खोक्यात दोन बारकोड. मेजरने भिंतीवर नवी फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर पहिला बूट ठेवला, काळा, आठ नंबर, उजवा, कापूस काढलेला.

आत्या माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि वहीतून वाचायची, मी भरायचे. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. एकशे त्रेसष्ट माणसांना आम्ही फोन केले. बरेच दुसरीकडे गेले होते, काहींनी पुन्हा कापूस सुरू केला होता. आणखी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं आणि सुटल्यासारखं वाटल्याचा रागही आला.

आत्याने पोस्टमनकाकांचं पान शेवटी ठेवलं होतं.

"डावा आठ," तिने वाचलं.

मी आठ भरला. उजव्याचा रकाना समोर उघडा होता. तो रिकामा सोडून पुढे जाता येत नाही, गोलाइव्हनेच तसं करून दिलं होतं, चूक राहू नये म्हणून. आत्याने पानावरच्या सहावर बोट ठेवलं होतं आणि ती वाचत नव्हती. मी शून्य भरलं.

"आठवण," मी म्हटलं. "दर चार महिन्यांनी?"

"दर महिन्याला. डावा पायही साखरेचाच आहे."

"फोन कुणी करायचा, इथे नाव लागतं." मी आत्याचं नाव लिहायला लागले.

"माझं नको," आत्या म्हणाली. "तुझं घाल."

वीस तारखेला सकाळी दहा वाजता पडद्यावर ओळ आली. मी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला, कुबड्यांवर यायला वेळ लागत असणार.

"आत्याबाई?" ते म्हणाले.

"नाही काका, मी बोलतेय. आज पाय बघितलात का?"

"थांबा, बघून सांगतो." फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्चीचा, मग काहीच नाही. मी वाट बघत राहिले. "ठीक आहे, ताई. कुठे काही नाही. आता एकच बघायचा असतो ना, लवकर होतं."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग पडद्यावर 'झालं' असं लिहिलेलं होतं तिथे टिक केली, आणि ओळ हिरवी झाली.